मोबाइल, निरोप आणि सुरक्षितता

मनुष्य समाज करून राहू लागला तेव्हापासून निरोप धाडण्याची गरज त्याला भासत आली आहे. शेतावर गेलेल्या धन्याला भाकरी निघाल्याचे कळविणे असो की गनीम चालून येत असल्याची वर्दी देणे असो, निरोपाच्या अंगी दोन गुण असावे लागतात. तो वेळेवर पोहोचला पाहिजे आणि तो खरा असला पाहिजे. मोबाइलने ह्यांपैकी पहिला गुण इतका वाढविला आहे की, मागील पिढ्यांना त्याची कल्पनाही आली नसती. दुसऱ्या गुणाची हमी मात्र त्याने दिलेली नाही. ती जबाबदारी त्याने निरोप वाचणाऱ्यावर टाकली आहे. आज खेड्यातील मूल अक्षरओळख पुरी होण्याआधीच मोबाइल हाताळू लागते. म्हणून ह्या साधनाची घडण, त्याचे लाभ व त्यातील धोके प्राथमिक शिक्षकास नीट ठाऊक असणे अगत्याचे आहे.

निरोप आणि निरोप्या

नळदुर्गच्या किल्ल्यातील उपळी बुरूज हा किल्ल्याचा सर्वांत उंच भाग होय. त्यावर चढले म्हणजे सभोवारचा मुलूख दूरवर दृष्टीस पडतो. अशा बुरुजावरील पहारेकऱ्याचे काम टेहळणीचे व वर्दी देण्याचे असे. त्या काळी दूरच्या गावी निरोप धाडावयाचा तर जासूद पायी किंवा घोड्यावरून जाई. निरोप पोहोचण्यास दिवस लागत. परंतु तो कोणी आणला हे घेणाऱ्यास समोर दिसत असे. जासुदाची ओळख पटली म्हणजे निरोपाचीही ओळख पटे.

१८५३ मध्ये निजामाने हा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्ग येथे राहून जिल्ह्याचा कारभार पाहू लागला. त्याच दशकात हिंदुस्थानात तारयंत्र सर्वसामान्यांसाठी खुले झाले. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आले. पुढे खेड्यापाड्यांत टपाल पोहोचू लागले, तेव्हा पुष्कळ गावी शाखा डाकघराचे काम शाळेच्या गुरुजींकडेच असे. ज्या घरी कोणी साक्षर नाही त्या घरचे पत्र गुरुजींनीच वाचावयाचे व उत्तरही त्यांनीच लिहावयाचे, अशी रीत होती. कोपरा फाडलेले कार्ड आले म्हणजे ते न वाचताच घरात रडारड होई. तार आली म्हटले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येई, कारण एरवीच्या मजकुरासाठी तार करण्याची ऐपत फार थोड्यांची होती. ही तारसेवा भारतात जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली.

ह्या जुन्या व्यवस्थेत गती कमी होती, पण प्रत्येक निरोपामागे एक जबाबदार माणूस उभा असे. पोस्टमन, तारमास्तर, तलाठी, गुरुजी ह्यांपैकी कोणाच्या तरी हातून तो येई. गावात खोटी वार्ता उठली तरी ती कोठून उठली याचा माग लागत असे. हा मुद्दा पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावा.

किल्लारीची पहाट

निरोप वेळेवर न पोहोचल्याने काय होते, याचा अनुभव ह्याच परिसराने घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन होते व दमलेली माणसे गाढ झोपेत होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची अनेक गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. सुमारे ८ हजार माणसे मृत्यू पावली. त्या काळी मराठवाड्यातील खेड्यांत दूरध्वनी विरळ होते आणि मोबाइल तर देशात आलेलाच नव्हता. पडलेल्या घरातून बाहेर आलेल्या माणसाला मदत मागावयाची तर दुसऱ्या गावापर्यंत धावत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुण्या-मुंबईस असलेल्या नातलगांना आपली माणसे जिवंत आहेत की नाहीत हे कळावयास प्रत्यक्ष गावी येऊन पाहावे लागे.

पुढे बत्तीस वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, ह्याच जिल्ह्यातील परंडा व भूम तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. त्या वेळी पाण्याने वेढलेल्या वस्त्यांतून निरोप व चित्रे मोबाइलवरून बाहेर येत होती आणि बोटी व हेलिकॉप्टर यांच्या साहाय्याने माणसांची सुटका करण्यात आली. संकट टळले नाही; परंतु कोण कोठे अडकले आहे हे कळण्यास वेळ लागला नाही. मोबाइलने सुरक्षिततेच्या बाबतीत जो मोठा पालट घडविला तो हाच होय.

मोबाइलचा प्रवेश

हातात धरून कोठूनही बोलता येईल असा दूरध्वनी मार्टिन कूपर ह्या अमेरिकन अभियंत्याने ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्क येथे प्रथम वापरून दाखविला. त्याचे वजन एक किलोहून अधिक होते. भारतात ही सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू हे कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम ह्यांच्याशी बोलले. आरंभी हा चैनीचा विषय होता. बोलणाऱ्यास पैसे पडत, तसेच ऐकणाऱ्यासही पडत. २००३ मध्ये येणाऱ्या कॉलचा आकार बंद झाला आणि मोबाइल सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागला.

येथे लोकांनी स्वतःच्या बुद्धीने एक युक्ती शोधून काढली. समोरच्याने उचलण्यापूर्वीच फोन बंद करावयाचा. पैसा खर्च न होता निरोप पोहोचतो. तिलाच मिस्ड कॉल म्हणतात. एक घंटी म्हणजे ‘पोहोचलो’, दोन म्हणजे ‘घ्यावयास ये’ अशा खुणा घरोघर ठरल्या. ऊसतोडीसाठी दूरच्या कारखान्यावर गेलेले आईबाप व गावी आजीपाशी राहिलेली मुले यांना ह्या साधनाने जोडून ठेवले. सोलापूर–हैदराबाद हमरस्त्यावरील चालक, तुळजापूरच्या बाजारास गेलेला शेतकरी, रात्रपाळीची परिचारिका ह्या सर्वांच्या घरची काळजी त्याने हलकी केली. ‘येथवर आलो’ एवढे दोन शब्द वेळेवर मिळणे हीदेखील एक सुरक्षितताच आहे.

लघुसंदेश कसा जातो

बोलण्याशिवाय लेखी निरोप धाडण्याची सोयही मोबाइलवर आहे. जगातील पहिला लघुसंदेश इंग्लंडमध्ये ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ ह्या तरुण अभियंत्याने संगणकावरून धाडला. नाताळच्या शुभेच्छा एवढाच त्याचा मजकूर होता.

संदेशाचा प्रवास विद्यार्थ्यांना सहज समजावून देता येतो. मोबाइल संच सर्वांत सोयीच्या टॉवरशी अदृश्य रेडिओलहरींनी जोडलेला असतो. लिहिलेला संदेश टॉवरकडून कंपनीच्या संदेशकेंद्राकडे जातो. तेथे तो नोंदला जातो व ज्याला पाठविला त्याचा संच ज्या टॉवरच्या क्षेत्रात असेल तेथे रवाना होतो. संच बंद असेल तर केंद्र संदेश काही काळ राखून ठेवते व संच सुरू होताच तो पोहोचविते. ही रीत टपाल कचेरीसारखीच आहे. बोलण्यासाठी मात्र दोन्ही संचांमधील वाट सतत मोकळी असावी लागते. म्हणूनच यात्रेच्या गर्दीत किंवा आपत्तीच्या वेळी कॉल लागत नाही तेव्हाही लघुसंदेश पुष्कळदा पोहोचतो. ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाने व पालकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लघुसंदेशाला लांबीची मर्यादा असते. रोमन लिपीत एका संदेशात १६० चिन्हे मावतात, तर देवनागरीत केवळ ७०. याचे कारण असे की, रोमन अक्षर संदेशात थोडी जागा घेते व देवनागरी चिन्ह त्याच्या दुपटीहून अधिक घेते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, उकार व मोकळी जागा यांची गणना वेगवेगळी होते. ‘मी सुखरूप पोहोचलो’ ह्या वाक्यात डोळ्यांना नऊ अक्षरे दिसतात. परंतु ते १७ चिन्हांची जागा व्यापते. पूर्वी संचांवर मराठी लिहिण्याची सोयही क्वचितच असे. ह्या दोन कारणांनी मराठी माणसाला रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय जडली. आता बहुतेक नव्या संचांवर देवनागरी सहज लिहिता येते, तेव्हा ती सवय मोडण्यास हरकत नाही.

संकटसमयी उपयोग

जीविताच्या रक्षणासाठी मोबाइलचे पुढील उपयोग शिक्षकांस माहीत असावेत.

पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका ह्या तिन्हींसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. आपल्या कंपनीचा टॉवर जवळ नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ व स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. मदत मागताना प्रथम ठिकाण सांगावे. फोन मध्येच तुटला तरी ठिकाण कळलेले असेल तर मदत येऊ शकते. ‘नळदुर्गजवळ’ एवढे सांगणे पुरेसे नाही. रस्ता, किलोमीटरचा दगड, पूल, देऊळ अशी खूण सांगावी.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल संचांत संकटकळ असावी असा नियम केला. साध्या संचात ५ किंवा ९ ही कळ दाबून धरावयाची व स्मार्टफोनमध्ये चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ दाबावयाची, अशी ही योजना आहे. संचागणिक रीतीत फरक असतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या संचातील रीत आधीच पाहून ठेवावी. विनाकारण कळ दाबून मदतकेंद्रास त्रास देऊ नये, हेही मुलांना बजावावे.

मराठवाड्यात पावसाळ्याच्या तोंडी वीज पडून माणसे व जनावरे दगावतात. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडण्याचा संभव असल्याची सूचना देते. तसेच २०२३ पासून देशात एका वेगळ्या प्रकारच्या आपत्तिसूचनेच्या चाचण्या घेण्यात आल्या. तीत सूचना एकेका क्रमांकाला न जाता टॉवरच्या क्षेत्रातील सर्व संचांवर एकदम, मोठ्या आवाजासह उमटते. अशी सूचना आली असता घाबरून न जाता ती पूर्ण वाचावी. ती चाचणी असेल तर तसे तीतच लिहिलेले असते.

राईनपाड्याचा धडा

येथवर निरोपाच्या गतीचा विचार झाला. आता त्याच्या खरेपणाचा विचार करावयाचा आहे, आणि तो करताना एका अतिशय दुःखद घटनेचे स्मरण करणे भाग आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा ह्या गावी आठवडे बाजार भरला होता. भिक्षुकीसाठी गावोगाव हिंडणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण तेथे आले होते. त्यांपैकी बहुतेक जण नळदुर्गच्या शेजारच्याच सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागाचे रहिवासी होते. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून सर्वत्र फिरत होते. हेच ते लोक, असा संशय उठला. जमाव गोळा झाला आणि पाचही निरपराध माणसे मारहाणीत प्राणास मुकली.

त्या काळात देशभर फिरत असलेल्या एका चित्रफितीची कथा बोधप्रद आहे. तीत मोटारसायकलवरील दोघे एका मुलाला उचलून नेताना दिसत. ही फीत वस्तुतः पाकिस्तानातील कराची येथे, पालकांनी मुलांकडे लक्ष ठेवावे ह्या हेतूने तयार केलेली होती. मूळ फितीच्या शेवटी ती माणसे मुलाला परत आणून सोडतात व एक सूचनाफलक दाखवितात. कोणी तरी हा शेवट कापून टाकला आणि उरलेला भाग आपल्याच मुलखातील खरा प्रकार म्हणून पसरला. चित्र खरे, पण त्याचा अर्थ खोटा, असा हा प्रकार आहे. ‘डोळ्यांनी पाहिले’ एवढ्यावरून निरोप खरा मानता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

ह्या घटनेनंतर जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या निरोपावर तशी खूण उमटविण्यास आरंभ केला व भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी निरोप पुढे धाडण्यास प्रतिबंध घातला. जो निरोप अनेक हातांतून आला आहे त्यावर आता दुहेरी बाण दिसतो. हा बाण म्हणजे निरोप खोटा असल्याचा पुरावा नव्हे. परंतु तो लिहिणारा माणूस पाठविणाऱ्याच्या ओळखीचा नाही, एवढे त्यावरून निश्चित समजावे. जुन्या काळी निरोपामागे निरोप्या उभा असे, येथे तो नाहीसा झाला आहे. ओळखीच्या माणसाकडून आला म्हणून आपण विश्वास ठेवतो. पण त्या माणसाने तो केवळ पुढे ढकललेला असतो.

पैशांची फसवणूक

खोट्या निरोपाने पैशांचेही नुकसान होते. बँकेतून, वीज कंपनीतून किंवा पोलीस कचेरीतून बोलतो असे सांगून लुबाडणारे लोक घाई व भीती ह्या दोन शस्त्रांचा वापर करतात. त्यांच्यापासून बचाव करण्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. एक, ओटीपी म्हणून येणारा आकडा ही घराची किल्ली आहे, ती कोणासही देऊ नये. दोन, यूपीआयचा गुप्त आकडा पैसे देण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीही लागत नाही. तीन, फोनवरून अटक करण्याची तरतूद भारतातील कोणत्याही कायद्यात नाही. ‘डिजिटल अटक’ असे कोणी म्हणाल्यास तो भामटा समजावा. चार, फसवणूक झाल्यास लाज न धरता तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळेल तितका पैसा वाटेत अडविण्याचा संभव अधिक.

बंदी की वळण

मोबाइलचे दोष पाहून मुलांना तो सर्वस्वी वर्ज्य करावा असे काहींस वाटते. २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्शी ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांसाठी असा ठराव केला होता. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने वेगळी वाट काढली. तेथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला व पुढील दीड तास घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा, असे ठरले. ह्या दुसऱ्या मार्गातील विशेष असा की, नियम केवळ मुलांना नसून थोरांनाही होता. मोठ्यांनी हातात मोबाइल धरून मुलांना उपदेश करणे निष्फळ ठरते, हे शिक्षकांस सांगावयास नको. तसेच पोहता येऊ नये म्हणून विहीर बुजवीत नाहीत, पोहावयास शिकवितात. मोबाइलचेही तसेच आहे.

शाळेत करावयाचे उपक्रम

१. क्रमांक पाठ करणे. प्रत्येक विद्यार्थ्यास आई, वडील किंवा पालकांपैकी एकाचा क्रमांक आणि ११२ हे तोंडपाठ असावेत. संच हरवला किंवा त्याची बॅटरी संपली तर पाठांतरच उपयोगी पडते. पौष पौर्णिमेस नळदुर्गच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा तुळजापूरच्या गर्दीत नेताना लहान मुलाच्या खिशात पालकाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवण्यास पालकांना सांगावे.

२. निरोपलेखन. तिसरी-चौथीच्या मुलांना ७० चिन्हांत निरोप लिहावयास द्यावा. कोण, कोठे, काय झाले, काय हवे ह्या चार गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. ह्यातून शुद्धलेखन व नेमके लिहिणे हे दोन्ही साधते.

३. कानगोष्टीचा खेळ. मुले ओळीने बसवून पहिल्याच्या कानात एक वाक्य सांगावे व शेवटच्याकडून ते मोठ्याने वदवून घ्यावे. वाक्य कसे बदलले हे मुलांनीच शोधावे आणि त्यावरून अफवेची उत्पत्ती समजावून द्यावी.

४. चार प्रश्न. निरोप पुढे पाठविण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावे : मूळ कोणी लिहिले? केव्हाचे? कोठले? खरे असल्याचा आधार काय? एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर निरोप तेथेच थांबवावा.

५. चित्रे व नावे. शाळेच्या कार्यक्रमाची चित्रे गटावर टाकताना मुलांची पूर्ण नावे, घरचे पत्ते व पालकांचे क्रमांक त्यासोबत देऊ नयेत. कोणी अनोळखी माणूस मोबाइलवरून मुलाकडे चित्रे मागत असेल किंवा त्यास धमकावीत असेल, तर मुलाने ते निर्भयपणे गुरुजींना किंवा बाईंना सांगावे, असा विश्वास वर्गात निर्माण करावा. असे सांगणाऱ्या मुलास रागावू नये, कारण रागाच्या भीतीनेच मुले गप्प बसतात.

६. धोक्याची ठिकाणे. नळदुर्गच्या पाणीमहालावरून पावसाळ्यात नर-मादी हे धबधबे कोसळतात, तेव्हा तेथे पुष्कळ गर्दी होते. चित्र घेण्याच्या नादात ओल्या दगडावर किंवा कठड्याच्या टोकाशी जाणे प्राणावर बेतू शकते. सहलीपूर्वी याविषयी स्पष्ट सूचना द्यावी.

७. पालकसभा. वर्षातून निदान एकदा पालकसभेत ११२, १०८, १०९८ व १९३० ह्या क्रमांकांची माहिती द्यावी. ते शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घ्यावेत.

एके काळी गावात आलेले पत्र गुरुजी वाचून दाखवीत आणि गुरुजींनी वाचले म्हणजे ते खरे, असा लोकांचा भरवसा असे. आता पत्र वाचून दाखविण्याची गरज राहिलेली नाही. पण मोबाइलवर आलेल्या निरोपाचे खरेखोटेपण पारखून देणारा माणूस गावाला पूर्वीपेक्षाही अधिक हवा आहे. संशयास्पद निरोप आला असता गावकऱ्यांनी तो पुढे धाडण्याऐवजी आधी शाळेत येऊन विचारावे, एवढा विश्वास शिक्षकाने संपादन केला, तर त्या गावापुरता तरी राईनपाड्यासारखा अनर्थ टळू शकेल. आणि त्याच्या हाताखाली शिकलेली मुले मोठी झाल्यावर हे काम स्वतःच करू लागतील.